गरम म्हणजे किती

"चहा गरम आहे का?" असा साधा प्रश्न त्यांना विचारायची सोय नव्हती. कपाळाला आठी घालून ते उलट आपल्यालाच विचारायचे, "गरम म्हणजे किती?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते समोशात तार खुपसताना. दोन हजार एक साल होतं. नागपूरहून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका फॅक्टरीत क्वालिटी डिपार्टमेंटला लागले होते. कुणाचा तरी वाढदिवस म्हणून कँटीनमध्ये समोसे आले होते. मी हात पुढे केला, तेवढ्यात पांढऱ्या केसांचा, पण चेहऱ्याने पंचेचाळिशीतला एक माणूस मध्ये आला. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे याच्याकडे पिवळ्या प्लगची बारीक तार होती. त्याने तारेचं टोक माझ्या समोशात खुपसलं, तळहाताएवढ्या मीटरकडे बघत उभा राहिला, मग माझ्या गळ्यातल्या आयडीवरचं आडनाव वाचून मराठीत म्हणाला, "बाहेरून पन्नास, आत ऐंशी. थांब जरा, तोंड भाजेल."

बाप्पा, कुठे येऊन पडले मी, असं मनात म्हणत मी समोसा खाल्ला. तोंड भाजलं.

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले. बार्शीचे. आमच्या फॅक्टरीत दुसऱ्या कंपन्यांचे सर्किट बोर्ड जोडून द्यायचे. बोर्डावर मोहरीएवढे पार्ट चिकटवून ठेवायचे आणि सगळा बोर्ड एका लांबलचक भट्टीतून साखळीवर सरकवायचा. आत डाख, म्हणजे जोडणारं सोल्डर, वितळतो, बाहेर येईपर्यंत पार्ट पक्के. ती भट्टी काकांची. मालक कुणीही असो, भट्टी काकांची होती. त्या वर्षीच्या मंदीत निम्मी फॅक्टरी घरी गेली, माझ्या शेजारच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, पण काकांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. भट्टीच्या मनात काय चाललंय ते दुसऱ्या कुणाला कळायचंच नाही. ती पिवळी तार म्हणजे थर्मोकपल. टोकाला जी उष्णता असेल तिचा आकडा तारेच्या दुसऱ्या टोकाला मीटरवर दिसतो. काका बोर्डावर अशा तारा चिकटवून भट्टीतून पाठवायचे आणि कुठे किती तापलं ते बघायचे.

एकदा एका गिऱ्हाइकाचे बोर्ड बिघडून परत आले. आमचा मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "द ओव्हन वॉज हॉट इनफ!" काकांनी शांतपणे विचारलं, "हॉट मीन्स हाउ मच?" पुढच्या पिकनिकला कुणीतरी ते वाक्य टी-शर्टावर छापून आणलं. काकांना त्यात थट्टा आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. छातीवर अगदी बरोबर प्रश्न छापलाय म्हणून तो टी-शर्ट त्यांनी विटेपर्यंत वापरला.

त्यांचं एक आवडतं व्याख्यान होतं. चहा बशीत ओतला की सुरू. "उष्णता तीनच रस्त्यांनी जाते. वहन, अभिसरण, प्रारण. सहावीत शिकलीस ना?"

"पाठ केलं होतं काका. शिकले नव्हते."

"मग आता शीक. वहन म्हणजे तवा. चिकटलेल्याला देतो, लांबच्याला विचारत नाही. अभिसरण म्हणजे वारा. सगळ्यांच्या अंगावरून जातो, पण त्याला जायला वाट पाहिजे. प्रारण म्हणजे नजर. लांबून तापवते, आणि काळ्याला जास्त, पांढऱ्याला कमी." त्यांनी फॅक्टरीतली सगळी माणसंही या तीन खान्यांत घालून ठेवली होती. आमचा मॅनेजर तवा. एचआरवाली प्रारण. मी कुठे बसते ते मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तू अजून तापायची आहेस."

मराठी मंडळाच्या गणपतीत यांच्यामुळे भांडण झालं होतं. मोठ्या पातेल्यात मसालेभात शिजत होता. काका तार घेऊन पातेल्याभोवती फिरत होते आणि स्वयंसेवकांना सांगत होते की तळाला करपतोय, वर तांदूळ कच्चा आहे. कार्यकारिणीतल्या एकाने ऐकवलं, "अहो, आम्ही दहा वर्षं भात करतोय." भात करपला. काकांनी करपलेल्या भाताचा पहिला द्रोण स्वतः घेतला आणि सगळा संपवला. लोकांना वाटलं, हा टोमणा आहे. टोमणा कसला! भात टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, एवढंच.

त्यांना खोटं बोलता यायचं नाही. बोलायचे नाहीत असं मी म्हणत नाही, यायचंच नाही. कुणी नवीन ड्रेस घालून "कसा दिसतोय?" विचारलं की काकू घाईघाईने मध्ये पडायच्या.

काकू बार्शीला शाळेत गणित शिकवायच्या. काकांच्या व्हिसावर इथे आल्या आणि नोकरी करायची परवानगी नाही म्हणून घरी बसल्या. वर्षामागून वर्षं बसल्या. ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकली तेव्हा कुठे तात्पुरता परवाना मिळाला आणि त्यांना जवळच्या शाळेत मदतनीस म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी घरी आल्या तेव्हा बोटांना मार्करची शाई लागली होती. ती धुवायला त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ लावला. कार्ड आलं तर ती नोकरी राहणार होती, नाहीतर दोघांनी बार्शीचं तिकीट काढायचं. घरातलं प्रत्येक बोलणं फिरून तिथेच यायचं.

ते राहायचे एका अमेरिकन बाईंच्या मागच्या घरात. पुढच्या घरात त्या बाई, मध्ये लिंबाचं झाड असलेलं अंगण. त्यांचं नाव रूथ, काका म्हणायचे रूथबाई. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत आणि कानाने अंमळ बहिऱ्या. बादलीभर लिंबं आणून काकूंच्या दारात ठेवायच्या आणि काकू लोणचं घालून परत द्यायच्या. ते लोणचं रूथबाई टोस्टला लावून खायच्या. मी शनिवारी काकांकडे जेवायला जायचे, त्यामुळे मीही त्यांच्या ओळखीची.

काकू शाळेत लागल्या त्याच वर्षी रूथबाईंना कॅन्सर निघाला. केमोचं औषध सुरू झालं आणि पोटात अन्न टिकेना. काकूंनी मऊ भात नेऊन दिला, तो तसाच परत आला. बस चालवणारे ते दणकट हात बघता बघता काड्या झाले. डॉक्टरने सांगितलं, वजन आणखी उतरलं तर औषध थांबवावं लागेल. औषध थांबलं तर पुढे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि रूथबाईंनी विचारलं नाही.

आणि त्याच डॉक्टरने त्यांना गांजा घ्यायला सांगितलं. मळमळ थांबते, भूक लागते. कॅलिफोर्नियात डॉक्टरने सांगितलं असेल तर चालायचं. वॉशिंग्टनच्या, म्हणजे सगळ्या देशाच्या, कायद्यात मात्र गांजा म्हणजे गांजा. अमेरिकन माणसाला या दोन्हींच्या मध्ये उभं राहता येतं. व्हिसावाल्याला नाही. आमच्यासारख्यांची कागदपत्रं वॉशिंग्टनकडे असतात.

धूर मात्र त्यांना चालणार नव्हता, फुप्फुसं आधीच थकलेली. म्हणून त्यांनी एक व्हेपोरायझर आणला. पाला जाळायचा नाही, नुसता तापवायचा. पाल्यातल्या औषधी अर्काची वाफ सुटते, ती ओढायची. त्यांनी आणला तो स्वस्तातला होता. लाकडी डबा, त्यात तापणारी चकती, वर काचेचं झाकण आणि एक नळी. रोज दुपारी अंगणापलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. ऐकवत नव्हता हो. काका एका शनिवारी ताटावरून उठले. "वाफ असती तर खोकला आला नसता. हा धूर आहे."

"तुम्ही जेवा," काकू म्हणाल्या.

जेवतात कसले! रूथबाईंकडून रिकामं, धुतलेलं यंत्र मागून आणलं आणि लिंबाखालच्या टेबलावर ठेवून तार लावली. "हे बघ. मधोमध दोनशे चाळीस, कडेला एकशे साठ. वहन. चकतीला चिकटलेलं जळतं, वरचं कच्चं राहतं."

"न ढवळता भाजणी भाजल्यासारखं," काकू म्हणाल्या.

"अगदी!"

"मग ढवळा म्हणावं त्यांना."

"ढवळायला झाकण उघडलं की वाफ गेली. आणि प्रत्येक वेळी बोट भाजून घ्यायचं त्या बाईने?" काका उठून येरझाऱ्या घालायला लागले. "वारा पाहिजे. गरम वारा सगळ्या पाल्यातून सावकाश गेला तर प्रत्येक पान सारखं तापेल. जळणार काहीच नाही."

काकूंनी पदर खोचावा तसा ओढणीला पीळ दिला. "यंत्र करायचंय ना? करा. पण त्या पाल्याला हात लावायचा नाही. तो असेल त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. इंटरव्ह्यूला बोलावलंय आपल्याला, आठवतंय ना?"

ग्रीन कार्डासाठी आमच्यातल्या बहुतेकांना इंटरव्ह्यूला बोलवायचेच नाहीत. यांना बोलावलं होतं. तिथे शपथेवर विचारतात, ड्रग्जशी कधी संबंध आला का. दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, नाही म्हणून मोकळे व्हा. काका म्हणजे काका. वकिलाने त्यांना स्वच्छ बजावलं होतं की अशा भानगडीच्या जवळपासही जाऊ नका. काका काकूंना म्हणाले, "हात लावणार नाही." आणि त्यांनी शब्द पाळला, त्यातूनच पुढचा घोळ झाला.

फॅक्टरीत चिप उपटायला गरम वारा फुंकणारं एक यंत्र असतं. त्यातलं एक भंगारात निघालं होतं. काकांनी ते मागितलं. मॅनेजरने विचारलं, कशाला? "टु हीट लीव्ह्ज." मॅनेजर म्हणाला, अच्छा, चहा. "नॉट टी," काका म्हणाले. मॅनेजरने दोन्ही हात वर केले. "आय डोंट वाँट टु नो." काका तरी सांगणारच होते, मी दंडाला धरून बाहेर काढलं.

डाखाचा वास लागलेली जुनी नळी त्यांनी फेकून दिली. "शिसं फुप्फुसात नको." काचेची नवी नळी, स्टीलची बारीक जाळी, आणि वाफ साठवायला टर्की भाजायची ती प्लास्टिकची पिशवी, जी ओव्हनमध्येही वितळत नाही. वाफ पिशवीत भरायची, गार होऊ द्यायची, मग ओढायची. म्हणजे घशाला चटका नाही. एकदा हॅलोजनचा दिवा लावून प्रारणही करून पाहिलं. गडद दाणे आधी करपले, फिके तसेच राहिले. आमच्या जुन्या भट्टीतही काळे पार्ट असेच जास्त तापायचे. दिवा बाद झाला.

दाणे कसले? ओव्याचे! पाल्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर काकांनी सगळी चाचणी ओव्यावर केली. शनिवारमागून शनिवार अंगणात ओवा. इंडियन स्टोअरमधला ओवा आम्ही संपवला. काकू म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली झालीय नुसती. कुणी विचारलं तर काय सांगू, कोण बाळंत झालंय?" मला तेव्हा सर्दी होती. मी दोन पिशव्या ओढल्या आणि नाक मोकळं झालं. काकांनी हिशेब मांडला होता, ओव्याची वाफ कमी उष्णतेला सुटते, पाल्याला जास्त लागेल. ती बेरीज-वजाबाकी त्यांनी चोख केली. आकडा चुकला नाही.

यंत्र रूथबाईंच्या स्वयंपाकघरात काकूंनी नेऊन ठेवलं, रिकामं. काका आणि मी अंगणात थांबलो, काकूही बाहेर आल्या. त्या घराच्या मागच्या दाराला बाहेरून जाळीचं दार आहे, त्यातून आतलं सगळं दिसतं. रूथबाई स्टुलावर बसल्या, भरलं, बटण दाबलं. पंखा घरघरला. पिशवी हलली नाही. थोड्या वेळाने जरा फुगल्यासारखी झाली, त्यांनी ती ओढली आणि तोच खोकला. स्टुलाची कड धरून खोकल्या. मग टेबलावर डोकं टेकवलं. सोमवारी त्यांचं वजन करायचं होतं. आदल्या दिवसापासून पोटात पाण्याशिवाय काही राहिलं नव्हतं.

"इट्स ओके, हनी," त्या आतूनच म्हणाल्या. "यू ट्राइड."

मला रडू फुटलं. काकांकडे पाहिलं तर ते आपल्या तळहाताकडे बघत होते. तळहातावर ओव्याचे चार दाणे होते.

"ओवा गोल असतो," ते म्हणाले. "दाण्यादाण्यांत वाट राहते. पाला चिकट. आणि चकतीसाठी दळायची सवय म्हणून त्यांनी तो पिठासारखा दळला असणार. तव्याला बारीक लागतं. वाऱ्याला नाही. वाट बंद झाली, कडेला भोक पडलं, तिथून सगळा वारा गेला आणि तेवढंच जळलं." त्यांनी दाणे फेकले. "मी वाऱ्याचं यंत्र केलं आणि वाटेचा विचार केला नाही. मी चुकलो."

आणि निघाले दाराकडे.

"अहो!" काकूंनी मागून त्यांचा शर्ट धरला. "शब्द दिलाय तुम्ही मला!"

"दिलाय." ते थांबले, पण वळले नाहीत. "पण तिथे मोजल्याशिवाय होणार नाही. आणि त्या उपाशी आहेत."

काकूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कितीतरी वर्षं घरी बसलेली बाई, आत्ता कुठे फळ्यापाशी परतलेली. हातात नवऱ्याचा शर्ट, समोर उपाशी शेजारीण. कुणाचं चुकत होतं सांगा? कुणाचंच नाही.

काकू शर्ट सोडतात की काय असं वाटलं, तेवढ्यात आतून कडी पडल्याचा आवाज आला. रूथबाईंनी जाळीच्या दाराची कडी आतून लावली होती. काकूंकडून लिंबाखाली कधीतरी त्यांना कार्डाचं सगळं कळलेलं होतं. दाराला धरून उभ्या राहिल्या, आणि बसमध्ये दंगा करणाऱ्या पोरांना द्यायच्या तसा आवाज दिला. "यू स्टे राइट देअर! तुझं कार्ड हातात येईपर्यंत तू या घरात पाऊल टाकणार नाहीस. माझ्यामुळे तुझ्या बायकोची शाळा गेली तर मला जेवण जाईल का?"

काका जाळीपुढे उभे. कडीकडे बघत. इतका हतबल माणूस मी पाहिला नाही. भट्टी त्यांच्यासमोर कधी बंद झाली नव्हती.

तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुमची तार किती लांब आहे?"

काकांनी वळून पाहिलं. मी सांगते, त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जो आनंद होता ना, तो फक्त गणित सुटल्यावर येतो. गणित काकूंनी सोडवलं होतं. काकांनी खिशातलं पिवळं वेटोळं काढलं, घरातून मोठी गुंडाळी आणली, आणि जाळीच्या दाराखालच्या फटीतून तार आत सरकवली. टोक आत रूथबाईंकडे, मीटर बाहेर काकांच्या हातात. पाऊल आत नाही, पाल्याला हात नाही. मोजायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

रूथबाईंना कमी ऐकू यायचं आणि काकांचा आवाज एरवीही घशातल्या घशात. मग कर्णा कोण? मी! काका हळू म्हणायचे, "सगळं काढा, नवीन घ्या, दळू नका," आणि मी ओरडायचे, "नो ग्राइंडिंग, रूथ!" काका, "बोटांनी तोडा, भरड." मी, "टेअर इट! बिग पीसेस!" काका, "दाबू नका." मी गल्ली हादरेल अशी, "डोंट प्रेस! लूज! लूज!" कशाची गुप्तता राहणार होती! पलीकडच्या घरातला माणूस लॉनमोवर बंद करून ऐकत उभा राहिला. काकूंनी कपाळाला हात लावला, आणि मग हसायलाच लागल्या.

रूथबाईंनी जाळीवर पाला सैल पसरला, तारेचं टोक मधोमध ठेवलं. पंखा सुरू झाला. काका मीटरवर डोळे लावून. "हळू. वारा कमी करा. हं. आता चढतंय." कडेला आणि मधे आलटून पालटून टोक ठेवायला सांगितलं. दोन्हीकडे सारखाच आकडा आला. टर्कीची पिशवी हळूहळू वर उठायला लागली, गुबगुबीत झाली. आत धूर नव्हता, जरासं धुकं होतं.

रूथबाईंनी ओढली. आम्ही तिघं खोकल्याची वाट बघत उभे. काकूंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. खोकला आला नाही. पुन्हा ओढली. नाही आला. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या, आम्ही पायरीवर. लिंबाखाली काकूंचा स्वयंपाक झाकून ठेवलेला होता. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"तुम्ही लोक आज काय खाणार आहात?"

काकू धावल्या. मऊ भात, वर तूप, मेतकूट, कडेला लिंबाचं लोणचं. रूथबाईंनी कडी काढली, वाडगं मावेल एवढंच दार उघडलं, वाडगं घेतलं आणि कडी परत लावली. अर्धं वाडगं भात खाल्ला. तो पोटात राहिला. सोमवारी डॉक्टरने औषध चालू ठेवलं.

त्यानंतर शनिवारचं जेवण असंच व्हायचं. रूथबाई दाराच्या आत स्टुलावर, काका बाहेर पायरीवर, मध्ये जाळी. काका आतल्या माणसाला अभिसरण समजावून सांगायचे, आतला माणूस "व्हॉट?" म्हणायचा, मी ओरडायचे.

इंटरव्ह्यूची गोष्ट मला काकूंनी सांगितली. ऑफिसर बाई चांगली होती. प्रश्न भराभर चालले होते. मग तो प्रश्न आला, ड्रग्जचा कायदा मोडलाय का, कुणाला मोडायला मदत केलीय का. काका म्हणाले, "नो." काकूंनी श्वास सोडला. ऑफिसर पुढच्या प्रश्नाकडे वळली आणि काका म्हणाले, "बट."

काकूंनी टेबलाखाली त्यांच्या बुटावर पाय ठेवला, दाबला. काहीही उपयोग नाही. काकांनी रूथबाई सांगितल्या, यंत्र सांगितलं, जाळीचं दार, तार. "मला वाटतं उत्तर नो आहे," ते म्हणाले, "पण ते ठरवायला तुमच्याकडे सगळी माहिती हवी." त्या बाईने पेन खाली ठेवलं. "कसलं यंत्र?" आणि काकांनी तिला उष्णतेचे तीन रस्ते समजावून सांगितले! तिने ऐकून घेतलं, आणि फाइल पुढच्या तपासणीसाठी बाजूला ठेवली.

काकूंनी काकांशी कितीतरी दिवस अबोला धरला. मला म्हणाल्या, "राग कुणावर काढू? हा माणूस असा आहे हे माहीत असूनच लग्न केलं. असाच आहे म्हणून केलं." आणि खळकन पाणी आलं डोळ्यांत. मला काकांचा भयंकर राग आला होता. अहो, एक शब्द गिळता येत नाही? बायकोचा फळा पणाला लावून खरं बोलायचं? मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "चुकीचं रीडिंग दिलं तर पुढचं सगळं चुकतं." एवढंच. पण त्यानंतर मी पाहिलं, पोस्टाची गाडी आली की त्यांच्या हातातला चहा थांबायचा.

रूथबाई तर जाळीमागून कडाडल्याच. "तू नुसतं नो का नाही म्हणालास?"

"म्हणालो. नंतर उरलेलं म्हणालो."

"तर मग बस बाहेर!"

बसले. हिवाळा आला, पाऊस आला. काकांनी पायरीवर छत्री बांधली. रूथबाईंचं औषध संपलं, डोक्यावर पिसासारखे पांढरे केस उगवले, गाल भरले. आता यंत्राची तशी गरजही उरली नव्हती, पण कडी निघाली नाही. "शब्द दिलाय मी स्वतःला," त्या म्हणायच्या. काकू दर वेळी तात्पुरता परवाना वाढवून घेऊन शाळा टिकवत होत्या, आणि दर वेळी वाढेल की नाही या काळजीने त्या आठवडाभर अर्धपोटी राहायच्या.

कार्ड आलं ते एका शनिवारी, साध्या टपालात. कुठल्या टेबलावर काय झालं देव जाणे. त्या ऑफिसरबाईने काय लिहिलं तेही कधी कळलं नाही. काकूंनी पाकीट फोडलं, दोन्ही कार्डं पाहिली, आणि नवऱ्याला काही न सांगता अंगण ओलांडून धावत गेल्या. त्यांना धावताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. जाळीच्या दारावर त्यांनी काकांचं कार्ड दाबून धरलं. आतून रूथबाई आल्या, चष्मा लावला, जाळीला नाक लावून वाचलं. काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सगळं चुकीचं उच्चारत मोठ्याने वाचलं. मग कडी काढली.

काका मागोमाग येऊन पायरीशी उभे होते. रूथबाई म्हणाल्या, "वाइप युअर फीट." त्यांनी पायपुसण्यावर इतका वेळ बूट घासले की काकूंना म्हणावं लागलं, "अहो, बास. या आता."

रूथबाईंच्या टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या होत्या. कधीपासून मांडून ठेवायच्या कोण जाणे. काकूंनी मऊ भात आणला, वाढला. वर तूप, मेतकूट, लोणचं. वाफा येत होत्या. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला, पिवळी तार बाहेर आली. समोर रूथबाई पहिला घास घेत होत्या, तोंड पोळलं म्हणून हाऽऽ हाऽऽ करत होत्या आणि दुसरा घास उचलत होत्या. काका बघत राहिले. तार परत खिशात गेली.

"गरम आहे," ते म्हणाले.

मी सोडते होय! "गरम म्हणजे किती?"

"जेव गं," काका म्हणाले, आणि खाली मान घालून भात कालवायला लागले.